वादळात छप्पर गेलं, आता विम्याचं काय? गोव्यातल्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या शेवटी वळीव कोसळायला लागला की माझा फोन वाजू लागतो. ऑक्टोबरात परतीच्या पावसात तो पुन्हा वाजतो. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण, सगळीकडून तेच प्रश्न येतात, कारण कौलारू घरं सगळीकडे सारखीच आणि विम्याचे कागद सगळ्यांनाच परके. गावातल्या लोकांचे क्लेमचे फॉर्म भरून देता देता जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं मुख्यतः ‘भारत गृह रक्षा’ या पॉलिसीला धरून आहेत. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ही प्रमाणित पॉलिसी आणली. तुमची पॉलिसी वेगळी असेल तर तिच्यातल्या अटी आधी वाचा.

१. माझ्या घराचा विमा आहे की नाही हेच मला नक्की माहीत नाही. कसं शोधायचं?

घरासाठी कर्ज घेतलं असेल तर बँकेतून सुरुवात करा. कर्ज देताना बँका बरेचदा विमा उतरवून घेतात, हप्ता कर्जातच मिसळलेला असतो आणि घरात कोणाला पत्ता नसतो. पण इथे एक मोठी गफलत होते. कर्जदाराच्या जिवाचा विमा वेगळा आणि घराच्या इमारतीचा विमा वेगळा. कर्जदार गेला तर कर्ज फिटावं म्हणून उतरवलेला विमा उडालेल्या कौलांचा एक पैसाही देत नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘विमा कशाचा’ या रकान्यात इमारत, घरातलं सामान की दोन्ही, काय लिहिलं आहे ते पाहा.

२. वादळाने झालेलं नुकसान पॉलिसीत असतंच का, की वेगळा पैसा भरावा लागतो?

भारत गृह रक्षामध्ये ते मुळातच असतं. वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज पडणं, दरड कोसळणं, भूकंप, झाड पडून होणारी मोडतोड, सगळं मूळ संरक्षणात येतं. इमारतीचा विमा घेतला की सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. दागिने आणि मौल्यवान वस्तू मात्र वेगळ्या घ्याव्या लागतात. ‘चक्रीवादळ’ असं वेधशाळेने जाहीर केलेलं असलंच पाहिजे, असाही एक समज आहे. तसं नाही. जूनमधल्या एका दुपारच्या सोसाट्याच्या वाऱ्याने कौलं उडाली तरी ते वादळाचंच नुकसान आहे, फक्त ते सिद्ध करण्याची मेहनत थोडी जास्त (प्रश्न ५).

३. रात्री कौलं उडाली. पहिल्या दोन दिवसांत नेमकं काय करायचं?

आधी माणसं सुरक्षित जागी न्या आणि मेन स्विच बंद करा. झाड पडून तारा लोंबत असतील तर कोणालाही जवळ जाऊ देऊ नका, ११२ किंवा १०१ वर फोन करा. अग्निशामक दलाचे जवान झाड कापायला आले तर त्यांच्या नोंदीची प्रत नंतर मागून घ्या. तारीख आणि वेळ असलेला तो सरकारी कागद फार उपयोगी पडतो.

मग फोटो. आणि हे मी हात जोडून सांगतो: झाडूला हात लावायच्या आधी फोटो. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, त्या रविवारी आमच्या घराच्या मागच्या उताराचं आढं उघडं पडलं. सकाळी उठून आम्ही काय केलं, तर अंगण स्वच्छ. फुटकी कौलं बांधाच्या पलीकडे टाकली, मोडलेला वासा सरपणाला लावला. पाऊस आत येत होता, घरात म्हातारी आई होती, तेव्हा तेच सुचलं. पण सर्व्हेअर, म्हणजे नुकसान पाहून मोजायला विमा कंपनीने नेमलेला माणूस, आला तेव्हा त्याला दाखवायला आमच्याकडे फक्त वरचं भोक होतं. नुकसानीचा मोठा भाग आम्हाला सिद्ध करता आला नाही आणि तेवढी रक्कम कापली गेली. तेव्हापासून मी लोकांना पहिली गोष्ट हीच सांगतो.

फोटो या क्रमाने काढा: रस्त्यावरून पूर्ण घर, मग प्रत्येक उतार, मग आतून वर बघत आढं, वासे आणि रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या), मग जमिनीवर पडलेली कौलं जशी पडली तशी, शेवटी भिजलेलं सामान. एक सलग व्हिडिओही काढा, त्यात तारीख आणि घर क्रमांक तोंडाने बोला. फुटकी कौलं आणि मोडलेलं लाकूड एका कोपऱ्यात रचून ठेवा, सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत.

त्याच दिवशी कंपनीला कळवा. हेल्पलाइनवर फोन केलात तरी एक ई-मेलही पाठवा, म्हणजे लेखी पुरावा राहतो. क्लेम क्रमांक लिहून ठेवा. भरलेला क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो.

४. सर्व्हेअर येईपर्यंत पाऊस थोडाच थांबणार आहे? ताडपत्री घातली तर क्लेम जाईल का?

जाणार नाही. उलट नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाची जबाबदारीच आहे. ताडपत्री घाला, तात्पुरते पत्रे टाका, मोडकळीला आलेल्या वाशाला टेकू द्या. फक्त फोटो आधी, आणि ताडपत्री, दोरी, मजुरी या सगळ्याच्या पावत्या ठेवा. करू नये ते एकच: सर्व्हे व्हायच्या आधी कायमची दुरुस्ती. सुतार मिळाला म्हणून घाईने सगळं छप्पर नव्याने शाकारून टाकलं, तर मग नुकसान किती होतं हे कोणी पाहिलंच नाही, असा वाद उभा राहतो. घरात राहणंच अशक्य असेल आणि थांबता येत नसेल, तर ई-मेलने ‘अमुक तारखेला काम सुरू करतो आहे, त्याआधी माणूस पाठवा’ असं कळवा.

५. ‘छप्पर जुनं होतं म्हणून पडलं, वाऱ्याने नव्हे,’ असं सर्व्हेअर म्हणाला. आता?

गोव्यातल्या कौलारू घरांचे क्लेम सर्वात जास्त इथेच अडतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

विमा अचानक झालेल्या नुकसानीचा असतो. वाळवी लागून वासा वर्षानुवर्षं पोखरत गेला, किंवा कौल सरकून भिंतीला दरवर्षी ओल येते, ही झीज झाली, ती विम्यात नाही. पण जुन्या घराला वादळ लागत नाही असं थोडंच आहे? घर शंभर वर्षांचं असलं तरी वाऱ्याने उचललेलं कौल वाऱ्यानेच उचललेलं असतं. प्रश्न फक्त दाखवून देण्याचा आहे.

कौल हातात घेऊन पाहा. ताजी फूट असेल तर कडेचा रंग आतून लाल-केशरी, स्वच्छ, विटेच्या भुकटीसारखा दिसतो. जुनी चीर काळी पडलेली असते, तिच्यात शेवाळ आणि माती बसलेली असते. लाकडाचंही तसंच. ताज्या मोडीला पांढरट-पिवळे, टोकदार तंतू असतात, कुजून तुटलेलं लाकूड बोटाने दाबलं तर भुसा होतो. अनुभवी सर्व्हेअर हेच पाहतो, तेव्हा तुम्ही आधी पाहा आणि जवळून फोटो काढा. छपरावर दोन्ही प्रकारची कौलं सापडली तर जुनी लपवू नका. ‘ही बारा जुनी आहेत, ही एकशे चाळीस आज फुटली’ असं सांगणाऱ्या माणसाचं बाकीचं म्हणणंही पटतं.

दुसरा पुरावा देखभालीचा. पावसाळ्याआधी शाकारणी केली असेल तर सुताराची पावती, कौलांचं बिल, रिपा बदलल्याची नोंद शोधा. सुतार पावती देत नसेल तर त्याच्याकडून एका कागदावर तारीख, काम आणि रक्कम लिहून सही घ्या, आणि पैसे शक्यतो बँकेतून द्या. मी तर सांगतो, दर मे महिन्यात शाकारणी संपली की छपराचे चार फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण वादळानंतर ‘हे छप्पर पंधरा दिवसांपूर्वी धड होतं’ याचा दुसरा एवढा पक्का पुरावा नाही.

तिसरा पुरावा हवामानाचा. पणजीत आल्तिनोवर हवामान खात्याचं केंद्र आहे, त्या दिवसाचा यलो, ऑरेंज किंवा रेड अलर्ट जपून ठेवा. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानाचं कात्रण आणि शेजारच्या दोन-तीन घरांचे फोटोही जोडा. एकाच आळीत पाच घरांची पूर्वेकडची कौलं गेली असतील तर वयाचा मुद्दा आपोआप मागे पडतो.

६. तलाठ्याचा पंचनामा नसेल तर क्लेम मिळत नाही, हे खरं का?

नाही. पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विमा कंपनीचा सर्व्हे वेगळा. पण करून घ्या. मामलेदार कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. तलाठी येऊन जे लिहितो तो त्रयस्थ माणसाने नुकसान पाहिल्याचा कागद असतो. प्रश्न ५ मधल्या वादात तो कामाला येतो.

७. कागद कोणकोणते लागतात? एजंट रोज नवीन काहीतरी मागतो.

क्लेम फॉर्म, पॉलिसीची प्रत, ओळखपत्र, बँक खात्याचा रद्द केलेला चेक, घरपट्टीची पावती, फोटो, आणि दुरुस्तीचा अंदाजखर्च. छपराच्या क्लेमला सहसा एवढं पुरतं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की केवळ कागद नाही या कारणाने क्लेम नाकारता येणार नाही, आणि क्लेमशी संबंध असलेलेच कागद मागता येतात. म्हणून नवी मागणी आली की ‘कोणत्या अटीखाली हवं आहे ते ई-मेलने कळवा’ एवढंच नम्रपणे लिहा.

अंदाजखर्चाकडे मात्र लक्ष द्या. ‘छप्पर दुरुस्ती, एकूण इतके रुपये’ अशा एका ओळीच्या कागदाला किंमत नाही. उताराची लांबी-रुंदी, किती कौलं, किती वासे आणि कोणत्या लाकडाचे, रिपांचे मीटर, आढ्यावरची कोनाची कौलं, सुताराचे दिवस, गाडीभाडं, हे वेगवेगळं हवं. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण १४ ते १६ लागतात. सर्व्हेअरही हाच हिशोब करतो, तेव्हा तुमचा आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे.

८. किती दिवसांत निकाल लागायला हवा?

त्याच २०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला जावा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल यावा आणि अहवाल आल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा. मोठ्या वादळानंतर शेकडो क्लेम एकदम येतात, विलंब होतो, तरी तारखा मोजत राहा. सर्व्हेच्या वेळी घरात स्वतः हजर राहा, आणि अहवालाची प्रत मागा. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

९. पैसे किती मिळतात? जुन्या कौलांऐवजी पत्रे घातले तर?

दुरुस्त होण्यासारखं नुकसान असेल तर छप्पर वादळापूर्वी जसं होतं तसं करायला येणारा वाजवी खर्च मिळतो. त्याहून चांगलं करायचा खर्च मिळत नाही. पत्रे घालणं ही तुमची निवड, पण रक्कम कौलांच्या दुरुस्तीपुरतीच धरली जाईल. तुमच्या छपरावरच्या जुन्या कारखान्याची कौलं आता मिळत नसतील तर जवळच्या मापाची धरा, आणि मिळत नसल्याचं पुरवठादाराकडून लिहून घ्या. नव्या मापाचं कौल जुन्याच्या खाचेत बसत नाही, त्यामुळे कधी कधी पूर्ण उतार बदलावा लागतो. हे सर्व्हेअरला छपरावर प्रत्यक्ष दोन कौलं जुळवून दाखवा, तोंडी सांगून पटत नाही.

याशिवाय ढिगारा आणि पडलेलं झाड हलवण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत, आणि आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते. घर राहण्याजोगं उरलं नसेल तर दुसरीकडे राहण्याचं भाडंही या पॉलिसीत आहे. लोक हे मागतच नाहीत, आणि न मागितलेलं सहसा कोणी देत नाही.

१०. विमा कमी रकमेचा घेतला होता. क्लेम अर्धा होईल का?

जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत होतो. घर बांधायला ४० लाख लागतील आणि विमा २० लाखांचा असेल, तर २ लाखांच्या नुकसानीला १ लाखच हाती येतो. भारत गृह रक्षामध्ये ही कपात काढून टाकली आहे. मात्र घराचं चटई क्षेत्र खरं सांगितलेलं असलं पाहिजे. पडवी, बलकांव (दारापुढची बसायची जागा), न्हाणीघर, कंपाउंडची भिंत हे सगळं पॉलिसीत आलं आहे का ते आजच पाहा.

११. शेजाऱ्याचा माड आमच्या छपरावर पडला. पैसे त्याने द्यायचे की कंपनीने?

तुमच्या कंपनीने. झाड कोणाचं याने तुमच्या क्लेमला फरक पडत नाही. नंतर कंपनीला वाटलं तर ती शेजाऱ्याकडे वसुली करू शकते, म्हणून कंपनीला न विचारता शेजाऱ्याशी ‘माझं काही देणं-घेणं नाही’ असं लिहून देऊ नका. आणि झाड आधीपासूनच कललेलं असेल तर वादळाची वाट न पाहता पंचायतीत आणि मामलेदाराकडे अर्ज द्या. शेजारी दुखावेल म्हणून लोक गप्प राहतात. छप्पर पडल्यावर दुखावणं त्याहून मोठं असतं.

१२. छप्पर उघडं पडलं आणि आतलं सामान भिजलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीही चोरीला गेला!

वादळाने छप्पर उघडं पडून पाऊस आत आला असेल तर भिजलेलं सामान येतं. छप्पर शाबूत आणि नेहमीची गळती असेल तर येत नाही. चोरीही येते: विम्यातल्या घटनेनंतर ७ दिवसांच्या आत आणि तिच्यामुळे झालेली चोरी या पॉलिसीत धरली आहे. पोलिसांत तक्रार त्याच दिवशी द्या.

१३. घर अजून आजोबांच्या नावावर आहे. काका मुंबईत, आत्या लंडनला. क्लेम कोण करणार?

गोव्यात हे घरोघरी आहे. विम्यासाठी घराशी तुमचा आर्थिक संबंध असावा लागतो, म्हणजे घर पडलं तर तुमचं नुकसान व्हायला हवं. वारस म्हणून तुमचा हिस्सा आहे आणि तुम्ही तिथे राहता, घरपट्टी भरता, तर तो संबंध आहे. पण पॉलिसी घेतानाच खरं सांगा: घर वारसांच्या सामाईक मालकीचं आहे, इन्व्हेंटरी (वारसांमधली कायदेशीर वाटणी) झालेली नाही. क्लेमचा पैसा पॉलिसीवर नाव असलेल्याला मिळतो आणि कंपनी इतर वारसांची ना-हरकत मागू शकते. ती वादळानंतर लंडनहून मागवण्यापेक्षा गणपतीला सगळे घरी जमतात तेव्हा सह्या घेऊन ठेवा.

मुंडकारांचंही, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांचंही, तसंच. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घरात राहण्याचा तुमचा हक्क सांभाळला आहे, त्यामुळे जमीन भाटकाराची असली तरी घराचा विमा तुम्ही घेऊ शकता. मुंडकार नोंदणीची प्रत पॉलिसीसोबत ठेवा.

१४. आम्ही गल्फमध्ये, घर वर्षभर बंद. छप्पर कधी पडलं तेच माहीत नाही.

क्लेम फॉर्मची मुदत नुकसान लक्षात आल्यापासून मोजतात, त्यामुळे शेजाऱ्याने कळवलं त्याच दिवशी ई-मेल करा. फॉर्म मालकाच्या सहीचा लागतो, बाकीची धावपळ अधिकारपत्र दिलेला माणूस करू शकतो. पण घर बंद राहणार हे कंपनीला आधी लेखी कळवलं होतं का? काही पॉलिसींमध्ये घर सलग ठराविक दिवसांहून जास्त बंद राहिलं तर संरक्षणावर परिणाम होतो. ती अट शोधा. आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला प्रत्येक मोठ्या वाऱ्यानंतर एकदा आत जाऊन वर बघायला सांगा. बंद घरात एक सरकलेलं कौल दोन महिन्यांत आढं कुजवतं, आणि मग ते प्रश्न ५ मधलं प्रकरण होतं.

१५. दोन खोल्या पर्यटकांना देतो. चालेल का?

भारत गृह रक्षा राहत्या घरासाठी आहे. कुटुंबाला नेहमीच्या भाड्याने दिलेलं घर वेगळं आणि होमस्टे म्हणून चालवलेलं घर वेगळं, तो व्यवसाय झाला. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. लपवून ठेवू नका. पर्यटन खात्याकडची नोंदणी आणि बुकिंगच्या जाहिराती कोणालाही दिसतात.

१६. पावसाळ्यासाठी घातलेली पुढची शेड उडाली. ती धरतात का?

झावळ्या, बांबू, गवत, प्लास्टिक किंवा ताडपत्रीचं छप्पर कच्चं बांधकाम मानतात, ते सहसा धरत नाहीत. चिऱ्याच्या खांबांवरची पक्की पत्र्याची शेड घराचा भाग म्हणून दाखवली असेल तर येते. मात्र तिच्या बांधकामाला पंचायतीची परवानगी आहे का, हा प्रश्न निघू शकतो.

१७. फ्लॅट सर्वात वरच्या मजल्यावर. गच्चीवरचे पत्रे उडून आमचं छत गळू लागलं.

गच्ची सोसायटीची, म्हणून पत्र्यांचा क्लेम सोसायटीच्या पॉलिसीवर. तुमच्या फ्लॅटमधल्या रंगाचा, छताचा, सामानाचा क्लेम तुमच्या पॉलिसीवर. सोसायटीचा विमाच नसेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडा.

१८. कंपनीने फारच कमी रक्कम देऊ केली, किंवा क्लेमच नाकारला. पुढे काय?

आधी कारण लेखी मागा, कोणत्या अटीखाली ते लिहून. मग सर्व्हे अहवालातल्या प्रत्येक कापलेल्या रकमेसमोर तुमचा पुरावा मांडणारं पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला द्या. ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहिलेल्या पावतीवर मनाविरुद्ध सही करायची वेळ आली, तर आक्षेप त्याच दिवशी ई-मेलने नोंदवा. अशा सहीमुळे तुमचा दाद मागण्याचा हक्क जात नाही, हे विमा नियामकाने २०१५ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करा. त्यापुढे विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. गोव्याचे क्लेम कोणत्या शहरातल्या लोकपालाकडे जातात ते अर्जाआधी तपासून घ्या. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. ग्राहक आयोगात जायचं असेल तर दोन वर्षांची मुदत आहे, उत्तर आणि दक्षिण गोव्याला वेगवेगळे जिल्हा आयोग आहेत. पण तिथे प्रकरण सुरू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून आधी लोकपालाकडे जा.

अर्जासोबत तीन गोष्टी सर्वात वर लावा: फुटलेल्या कौलाच्या ताज्या कडेचा फोटो, शाकारणीची पावती, आणि कंपनीला पाठवलेला पहिला ई-मेल.